पैशावर घुबड?

भाच्याने अथेन्सहून आणलेलं एक युरोचं नाणं मी आल्यागेल्याच्या हातात देतो आणि प्रश्न ठरलेला येतो: "अहो, पैशावर घुबड? चालतं कसं यांना?" आत्याने तर लक्ष्मीपूजनाच्या ताटातून ते चिमटीत धरून बाजूला काढलं होतं. "अरे, हे काय रे अभद्र ठेवलंस?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुळात ते घुबड नव्हे, पिंगळा आहे. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून मान खालीवर करत आपल्याकडे टक लावून बघतो ना, तो वीतभर पक्षी. आपला पिंगळा आणि ग्रीसमधला हे चुलतभाऊ. दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच, आणि तो अथेना देवीवरून आलेला. म्हणजे आपल्या चिंचेच्या ढोलीत राहणाराही नावाने अथेन्सचाच.

युरोवरचं चित्र उचललंय ते इ.स.पू. पाचव्या शतकातल्या चार ड्राख्मांच्या (ड्राख्मा म्हणजे तिथलं जुनं चलन) चांदीच्या नाण्यावरून. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला तिचा पिंगळा. अंग आडवं, तोंड मात्र थेट तुमच्याकडे वळवलेलं, डोळे बटणांसारखे. पाठीमागे ऑलिव्हची डहाळी आणि चिमुकली चंद्रकोर, पुढे अथेन्सच्या नावाची तीन अक्षरं. वजन साधारण १७.२ ग्रॅम. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली, गुलामांनी उपसलेली. लोक या नाण्यांना सरळ पक्ष्याच्याच नावाने ओळखत. अॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४१४ च्या ‘पक्षी’ नाटकात तर नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांना चक्क लालूच दाखवलीय: आम्हाला जिंकवलंत, तर लॉरियनचे पिंगळे तुमच्या बटव्यात घरटं करतील आणि चिल्लर उबवतील!

बाकीच्या शहरांच्याही अशाच खुणा होत्या. एजिनाचं कासव, कॉरिंथचा पंखवाला घोडा. ऱ्होड्सचा गुलाब म्हणजे तर निव्वळ कोटी, कारण ग्रीक भाषेत गुलाबाला ‘ऱ्होडॉन’च म्हणतात.

पण पिंगळ्याची मजा वेगळी. अथेन्समध्ये एकीकडे अथेनाचं भव्य मंदिर, पार्थेनॉन, उभं राहत होतं, मूर्तिकार दगडाला जिवंत करत होते, आणि नाण्यावरची अथेना मात्र जुन्याच वळणाची. चेहरा बाजूने, डोळा समोरून काढलेला, ओठांवर तेच ठोकळेबाज हसू. कलाकार कमी नव्हते, पण हे नाणं इजिप्तपासून सीरियापर्यंत चालायचं आणि तिथल्या व्यापाऱ्याला ओळखीचाच चेहरा हवा असायचा. मला यात काही गैर वाटत नाही. नवीन रंगाची नोट आली की आपला भाजीवालासुद्धा ती दोनदा उजेडात धरतो.

तरी संशय होताच. आत तांब्याचं किंवा शिशाचं पोट आणि वर चांदीचा पातळ मुलामा, हा उद्योग तेव्हाही चालायचा. म्हणून कित्येक नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो: आत चांदीच आहे ना, हे बघायला मारलेला. संग्राहक अशा नाण्यांना कमी भाव देतात. मला मात्र तीच आवडतात. तो घाव घालणाऱ्याचा अविश्वास अजून त्यावर ताजा आहे.

इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा अथेन्सचा एक कायदा दगडावर कोरलेला सापडलाय. बाजारात सराफांच्या मेजांपाशी सरकारी पारखी बसे. खोटं नाणं हाती आलं की त्याने तिथल्या तिथे ते कापायचं आणि देवमातेला अर्पण करायचं. त्याने खरं ठरवलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं, तर त्या दिवसाचा माल जप्त. आणि हा पारखी कोण? नगराचा गुलाम. कामात कुचराई केली तर पन्नास फटके. सगळ्या बाजाराचा भरवसा ज्याच्या नजरेवर, त्याची स्वतःची पाठ अशी टांगणीला.

ड्राख्मा आपल्याकडेही पोचला. त्याचा द्रम्म झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म मोजले गेले, आणि आपण रोज म्हणतो तो ‘दाम’ही त्यातूनच आला.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. "पिंगळा होय," एवढंच ती म्हणाली. पुढच्या दिवाळीला नाणं ताटात राहिलं. आकड्याची बाजू वर, पिंगळा तांदळात.