लग्नपत्रिका एपीकेमध्ये येत नसते

आज पुन्हा तेच. ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका.एपीके', म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल. उघडली की पत्रिका दिसत नाही, अ‍ॅप बसतं आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दिलीत, की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे. मग तीच फाइल तुमच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना जाते, म्हणून नंबर ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबू नका.

अ‍ॅप बसलंच तर आधी एअरप्लेन मोड, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवतात, त्यामुळे पहिला तास फार मोलाचा, लाजेपोटी तो घालवू नका! अ‍ॅपचं चिन्ह बहुतेकदा लपलेलं असतं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत शोधून काढून टाका. निघत नसेल तर आधी त्याचा 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा, म्हणजे फोनवर ताबा ठेवायचा, हक्क काढा.