तुम्ही विचारलंत म्हणून : डॉक्टर खरं सांगतात का?

मी सर्वेक्षणांसाठी डॉक्टरांच्या मुलाखती घेते. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मुलाखती गुप्तरोगांवरच्या होत्या. लघवीच्या जागी जखम, पू येणं, जांघेत गाठ, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन कुणी आलं, तर तालुक्याच्या गावातले खासगी डॉक्टर काय करतात, हे प्रश्नावली घेऊन विचारायचं. लग्नात म्हणा, प्रवासात म्हणा, हे काम कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पण डॉक्टर तुम्हाला खरं कशाला सांगतील?"

सांगतात. मुद्दाम खोटं बोललेले डॉक्टर मला फार थोडे भेटले. पण "असा पेशंट आला तर तुम्ही काय करता?" असं विचारलं, की ते काय करायला हवं ते सांगतात. परीक्षेला बसल्यासारखं, क्रमानं. इतिहास घेतो, तपासतो, रक्त पाठवतो, एचआयव्हीची तपासणी सुचवतो, जोडीदाराला बोलावतो, निरोधबद्दल सांगतो. त्यांना हे खरोखर माहीत असतं. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना यातलं किती होतं, हे त्या उत्तरात येत नाही.

डॉक्टरांना विचारून पाहण्याचं काम आपल्याकडे जुनं आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत प्रॅक्टिस करणाऱ्या शंभर खासगी डॉक्टरांना डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं क्षयरोगावर काय औषध द्याल ते लिहायला सांगितलं होतं. १९९१ साली ते प्रसिद्ध झालं : शंभर डॉक्टर, ऐंशी वेगवेगळे उपचार. पुढं दिल्लीत जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थतज्ज्ञांनी आधी काल्पनिक पेशंट मांडून डॉक्टरांचं ज्ञान तपासलं आणि मग त्यांच्याच दवाखान्यात बसून काम पाहिलं. जेवढं येतं त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात बरंच कमी केलं जातं, असं त्यांना दिसलं. माझ्या कामाची सगळी अडचण या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे.

म्हणून मी "नेहमी काय करता" हा प्रश्न लवकर उरकते आणि विचारते, "सर, असा शेवटचा पेशंट कधी आला होता? त्याचं काय केलंत?"

इथं डॉक्टर थांबतात. एका दवाखान्यात डॉक्टरांनी ओपीडीचं रजिस्टर ओढलं, माझ्याकडं वळवण्याआधी नावांच्या रकान्यावर प्रिस्क्रिप्शनचं पॅड आडवं ठेवलं आणि बोट खाली खाली नेत एका ओळीवर आणलं. निदानाच्या जागी 'यूटीआय', म्हणजे लघवीच्या मार्गाचा साधा संसर्ग, असं लिहिलं होतं. म्हणाले, "हाच. पू येत होता. पण तसं लिहीत नाही मी. कंपाउंडर त्याच्याच गल्लीतला आहे." संबंधांबद्दल विचारलं का, असं मी विचारलं. त्यांनी दाराकडं पाहिलं. दार म्हणजे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या दोन झुलत्या फळ्या, आणि पलीकडं बाकावर माणसं. "'बाहेर कुठं जाता का?' एवढं हळूच विचारतो. तो 'नाही' म्हणतो. मी औषध लिहितो." त्या डॉक्टरांबद्दल मला तेव्हा आदर वाटला, आजही वाटतो. त्यांनी निदान चोरलं नव्हतं, पेशंटला जपलं होतं. पण अशा ओळींची बेरीज करून जिल्ह्यात गुप्तरोग किती, हे काढायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही.

औषधांचं विचारता म्हणून सांगते. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणांवरून रंगीत पाकिटं देतात. पू येत असेल तर करडं पाकीट, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम, एकाच वेळी, शक्यतो डॉक्टरांसमोर घ्यायचं. पांढरं जाण्याला हिरवं, नागिणीसारखे फोड असतील तर लाल. रिपोर्टची वाट पाहत पेशंट हरवू नये, म्हणून ही पद्धत. खासगीत मात्र ज्याची त्याची सवय चालते. पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिननं परमा, म्हणजे गनोरिया, बरा व्हायचा म्हणून अजूनही तेच लिहिणारे भेटतात. त्या जंतूवर ते औषध आता बहुतेक ठिकाणी चालत नाही.

आणि पेनिसिलिन. गरमी, म्हणजे सिफिलिस, सुरुवातीच्या काळात बेंझाथीन पेनिसिलिनच्या चोवीस लाख युनिटांच्या एका डोसनं बरी होते. या जंतूला पेनिसिलिन पचवण्याची कला अजून साधलेली नाही, आणि गर्भवतीला सिफिलिस असेल तर बाळ वाचवायला दुसरा भरवशाचा उपायच नाही. स्वस्त औषध. तरी एकामागून एक डॉक्टर सांगतात, "ठेवतच नाही." एकांनी कारण स्पष्ट सांगितलं : "मॅडम, ते घट्ट असतं, सुई चोंदते, दुखतं. ते सगळं ठीक. पण एखाद्याला रिअॅक्शन आली तर लोक दवाखाना फोडतील. इथं मी आणि एक सिस्टर, दोघंच." प्रश्नावलीत या उत्तराला 'शिफारशीनुसार उपचार नाही' असा क्रमांक पडतो. क्रमांक बरोबर आहे. पण यावर ज्ञानाचं शिबिर घेऊन काय होणार? त्यांना सगळं येतं. त्यांना हवी आहे टेबलावर रिअॅक्शन आवरणारं अॅड्रिनॅलिन, जवळ ऑक्सिजन आणि वेळ आलीच तर पाठीशी कुणीतरी उभं असल्याची खात्री.

सगळ्यात अवघड जागा जोडीदाराची. नवऱ्याला औषध दिलं आणि बायको तशीच राहिली, तर महिन्याभरात दोघंही पुन्हा तिथंच. हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकेत सुमारे ७,३०० डॉक्टरांना अशीच प्रश्नावली पाठवली होती, सत्तर टक्क्यांनी उत्तरं दिली. निष्कर्ष २००२ साली आले. ८२ ते ८९ टक्के डॉक्टर जोडीदाराला कळवण्याचं काम पेशंटवरच सोपवत होते. क्लॅमिडिया या गुप्तरोगाचा रुग्ण आरोग्यखात्याला कळवणारे ३७ टक्केच होते. हे वाचल्यावर आपल्या डॉक्टरांवरचा माझा राग बराच निवळला.

पण "तिला घेऊन या" एवढं सांगितल्यावर आपल्याकडं नवऱ्यानं घरी जाऊन काय म्हणायचं? बायकोला बहुधा काही होतच नसतं. परमा किंवा क्लॅमिडिया बाईच्या अंगात लक्षणांवाचून महिनोन् महिने राहतो आणि कळतं ते दिवस राहत नाहीत तेव्हा. आणि त्रास होत असला, तरी दाखवतं कोण? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या होत्या. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात आठच. १९८९ सालचे हे आकडे. डॉक्टरांसमोर बसताना ते माझ्या मनात असतात, म्हणून तो एक प्रश्न मी कधी गाळत नाही : "त्याच्या बायकोचं काय झालं?"

बरेचजण म्हणतात, "नाही आली." काहीजण नवऱ्याच्याच हाती दुप्पट गोळ्या देतात, तिनं घेतल्या की नाही, देवाला ठाऊक. एका डॉक्टरांनी मुलाखतीत "बोलावलं आहे" एवढंच सांगितलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, ती आली होती."

"बरं झालं. एकटी?"

"सासूबरोबर. सासू आतच बसली. मग मी म्हटलं, पोटात जंत झालेत घरात सगळ्यांना, या दोन गोळ्या माझ्यासमोर घे. घेतल्या तिनं."

"म्हणजे तिला माहीत नाही?"

"नाही. कसं सांगणार होतो?" थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "पुन्हा लागण झाली तर ती ओळखणार कशी, हेच रात्रभर डोक्यात होतं. म्हणून फोन केला. तुमच्या त्या फॉर्मात काय लिहाल?"

फॉर्मात प्रश्न होता, 'जोडीदारावर उपचार झाले का?' मी 'हो'वर खूण केली, आणि त्यांनी सांगितलं ते सगळं समासात बारीक अक्षरात लिहिलं. मग त्यांना विचारलं, तुमच्या गावातली आशाताई कोण, तिला त्या घरी सासू नसताना जाता येईल का. म्हणाले, "उद्याच विचारतो."