आईच्या बचत गटाची फाइल रिकामी का राहत होती

आई आमच्या गल्लीतल्या बचत गटाची सचिव आहे. १४ बायका, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. बैठक झाली की रात्री रजिस्टर मांडीवर घेऊन ती बेरजा करत बसते. मला पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला लागून महिना झाला होता, म्हणून ठरवलं की पहिला खऱ्या उपयोगाचा प्रोग्राम आईसाठीच लिहायचा. नाव विचारायचं, रक्कम विचारायची, फाइलमध्ये एक ओळ टाकायची, आणि पुन्हा पुढचं नाव. वीसेक ओळींचं काम. ते नीट चालायला तीन रविवार गेले.

सुरुवातीला फाइलच सापडेना. ती तयार होत होती, पण एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे फोल्डर उघडं होतं त्यात. मी शोधत होते प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये. फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला आणि ते मिटलं.

मग फाइल सापडली, पण रिकामी. शून्य बाइट. आईने शेजारी बसून सगळी नावं सांगितली होती, स्क्रीनवर एकही चूक दिसली नव्हती, आणि फाइलमध्ये एक अक्षर नाही. "अगं, मग गेलं कुठे सगळं?" आई म्हणाली. मलाही तेच कळत नव्हतं.

झालं होतं असं, की पायथन प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर लिहीत नाही. आधी ती मेमरीत साठवतो. हा साठा, म्हणजे बफर, माझ्याकडे ८१९२ बाइटचा होता. तो भरला किंवा फाइल बंद केली, की मजकूर खरोखर उतरतो. आमच्या १४ ओळी जेमतेम दोनशे बाइटच्या. आणि प्रोग्राम थांबवायची सोयच मी केलेली नव्हती; नोंदी संपल्या की काळ्या खिडकीच्या फुलीवर क्लिक करायचे. त्यासरशी साठ्यातलं सगळं जात होतं.

म्हणून फाइल उघडणं लूपच्या, म्हणजे दर नोंदीला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत घेतलं, तेही 'विथ' हा शब्द लावून, म्हणजे प्रत्येक नोंद झाली की फाइल आपोआप बंद होईल. आता फाइलमध्ये एकच नाव राहायला लागलं, शेवटचं. कारण मी फाइल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडत होते, आणि हा मोड उघडताक्षणी आधीचं सगळं पुसतो. जुन्याच्या खाली लिहायचं तर 'ए' मोड लागतो. शिकवणीत हे दोन मोड एका वाक्यात उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. कुणाच्या पैशांची नोंद पुसली जाऊ शकते, हे तिथेच ठासून सांगायला हवं.

इथपर्यंत नावं इंग्रजीत होती. आईला ती मराठीतच हवी होती, आणि ते बरोबरच होतं. गटातल्या बऱ्याच जणींना इंग्रजी वाचता येत नाही. सगळी नावं प्रोग्राममध्येच यादी करून ठेवली आणि फक्त रक्कम विचारायची असं केलं. पहिल्याच नोंदीला लाल अक्षरांत चूक आली: 'चारमॅप' ला, म्हणजे अक्षरांच्या सारणीला, ० ते ५ या जागांवरची अक्षरं लिहिता येत नाहीत.

त्या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. पहिलं नाव होतं सुनंदा. स, उकार, न, अनुस्वार, द, काना. बरोबर सहा, शून्यापासून मोजले तर ० ते ५. म्हणजे अडत होतं ते नावच; स्वल्पविराम आणि १०० ला काही हरकत नव्हती. आमच्या विंडोजवर पायथन फाइल लिहिताना सीपी१२५२ ही पश्चिम युरोपीय अक्षरांची जुनी सारणी वापरत होता, आणि तिच्यात देवनागरी नाहीच. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, यूटीएफ-८ (हिच्यात देवनागरीही बसते) असं स्पष्ट लिहिलं आणि सुनंदा फाइलमध्ये उतरली.

नोटपॅडमध्ये सगळं सुरेख दिसलं. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेले इंग्रजी 'ए' रांगेत उभे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं; एक्सेल त्या प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजत होता. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' केलं की फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते, ती पाहून एक्सेल नीट वाचतो. मात्र जुनी फाइल काढून नव्याने सुरुवात करावी लागली, कारण ही खूण फक्त रिकाम्या फाइलच्या आरंभी पडते.

नंतर एकदा परवानगी नसल्याची चूक आली, क्रमांक १३. फाइल एक्सेलमध्ये उघडी राहिली होती. बंद केली, झालं.

गेल्या बैठकीनंतर आईने रजिस्टर समोर धरलं आणि मी स्क्रीनवरून एकेक नाव वाचलं. १४ नावं, १४०० रुपये. तिने प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि रजिस्टर परत कपाटात ठेवलं. ते ती बंद करणार नाही, आणि मीही तसं सुचवलेलं नाही.