तारेवरची पत्रं

जून अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नाही, गंगापूर रोडवर वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी एकवीस टक्के. शहाण्या माणसाने अशा दुपारी पडून राहावं. मी काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं बघत बसलो होतो. मट की ग्नूज? दोन्ही ईमेल वाचायचे प्रोग्रॅम.

हा घोळ जुना आहे. १९९५ साली विदेश संचार निगमने इंटरनेट आणलं, त्यानंतर आम्हा विद्यार्थ्यांच्या वाट्याला शेल खातं आलं. चित्रबित्र काही नाही, नुसती अक्षरं. तिथे पाईन हा मेल प्रोग्रॅम भेटला. मग मट. सगळेच मेल प्रोग्रॅम टाकाऊ, हा जरा कमी टाकाऊ, असं त्याचा कर्ताच सांगतो. इतकं खरं बोलणारं स्थळ कोण नाकारेल? पण मटमध्ये न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचे चर्चेचे फलक, वाचायचे तर वेगळं ठिगळ लावा. ग्नूज दोन्ही वाचतो. मात्र पत्रालाही बातमीच समजतो. एकदा वाचलं की पुढच्या खेपेला यादीत नाही! पहिल्यांदा माझी गाळणच उडाली होती. पत्र असतं जागेवरच, दिसत नाही इतकंच. ‘ई’ची, म्हणजे मुदतीची, खूण केली, तर मात्र आठवड्याभराने खरंच जातं.

भद्रकालीतल्या वाड्यात आजोबांची तार होती. वर आकडा, खाली लाकडी चकती, खुंटीला टांगलेली. आलेलं कार्ड वाचलं की खच्चकन तारेत. भोक नेमकं मजकुरावर पडायचं. एका आत्याच्या साखरपुड्याची तारीख अशी कायमची भोकात गेली. तळातलं कार्ड हवं तर वरची सगळी उतरवायची. वाईट बातमीचं कार्ड तेवढं तारेवर चढत नसे. आजोबा ते दारातच फाडायचे आणि न बोलता अंघोळीला जायचे. आम्ही पोरं ते तुकडे जुळवायला टपलेलो असायचो, आजी हाकलायची.

बॅटरी नऊ टक्के. दर दोन वर्षांनी मी एकाला काडीमोड देऊन दुसऱ्याकडे जातो. टपालपेटी तीच, आणि जपून ठेवलेल्या पत्रापुढे दोघंही उद्गारचिन्हच काढतात. चार वर्षं माझ्या यादीत ते एकाच पत्रापुढे आहे. दवाखान्यातून आलेलं, दोन ओळींचं.

‘रविवारी मिसळ नक्की. पाव मी सांगेन तेवढेच खायचे.’

वीज आली. चहा टाकला. मट की ग्नूज, ते राहिलंच.