दम वाढवायचा की वाचवायचा?

आमच्या बेळगावकडं भजनाला बसलेल्या नवीन पोरानं ओळ अर्ध्यात सोडली की पेटीवाले मामा हमखास विचारणार, "दम लागूलालाय काय रे?" आणि मग जो तो सल्ला देतो, श्वास भरून घे, अजून भरून घे. मला हे पटत नाही. गच्च भरून घेतलं की खांदे वर जातात, मान आवळते, आणि आतल्या हवेचा दाब एवढा होतो की पहिलाच सूर भसकन बाहेर येतो, मग ओळ संपेपर्यंत हाती काही उरत नाही.

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व बघा की. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि त्यानंतर ते जे गायले ते आपण आजपण ऐकतोय. छोट्या छोट्या तुकड्यांत, मधली जागा मोकळी सोडत. म्हणजे हवा किती यापेक्षा ती खर्च कशी करता यावर गाणं चालतं, असं माझं तरी मत.

श्वास घेताना छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली सरकतो म्हणून पोट पुढं येतं. पण बरेचजण नुसतं पोट ढकलतात, त्यानं काही होत नाही. कमरेच्या वर, खालच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूनं हात ठेवा, श्वास घेताना तिथं रुंद झालं पाहिजे. खरी गंमत सोडताना आहे, गाताना त्या बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत, हळूहळू येऊ द्यायच्या. यासाठी "स्स्स" करत एकसारखी हवा सोडायची, आधी 10 सेकंद, जमलं की 15, 20. सेकंद मोजायच्या नादात आवाज थरथरायला लागला तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर सरळ थांबा, हट्ट नको. मग तेच पेटीच्या काळी दोन पट्टीच्या सा वर, नुसतं "आ" म्हणत, हळू आवाजात. कपालभाती वगैरे करणारे करूद्यात, पण त्यात हवा झटक्यानं बाहेर टाकतात, आपल्याला पाहिजे नेमकं उलटं.

आता श्वास घ्यायचा कुठं? मोठ्या अभंगाच्या चरणात अक्षरं 6, 6, 6 आणि शेवटी 4, त्यामुळं जागा आयत्याच मिळतात. तुकडा संपला की घ्या, पण "पांडु" म्हणून श्वास घेऊन मग "रंग" म्हणू नका राव. मधे वेळ कमी असतो तिथं नाक आणि तोंड दोन्हीतून पटकन थोडासाच घ्यायचा, आवाज न करता, माईकवर ते फुसफुस फार ऐकू येतं. मी वहीत ओळीवर पेन्सिलनं टिंब करून ठेवते.

जेवणाचं एक सांगते. गाण्याच्या आधी भरपेट जेवू नका, भरल्या पोटावर तो पडदा खाली जाणार कुठं? यजमान गोड कुंद्याची वाटी पुढं करतात, नाही म्हणवत नाही, तर झाकून ठेवायला सांगा.

आणि टाळकऱ्यांनो, सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला की कोरसला भोक पडतं. शेजारच्याशी आधीच ठरवा, तो तुकड्याच्या शेवटी घेणार असेल तर तुम्ही लांबवलेल्या स्वराच्या मधे गुपचूप घ्या आणि परत हळूच मिसळा.