पेपिनवरचा तिसरा हंगाम: मे ते जुलै

यंदा पेपिन तलावात फक्त वॉलआय मासा गरवायचा, बाकी कशाच्या मागे लागायचं नाही, असं मार्चमध्ये ठरवलं होतं. जुलैअखेरचा हिशोब असा: 15 इंचांवरचे, म्हणजे ठेवता येतील असे वॉलआय 4, त्यांच्यासारखेच दिसणारे सॉगर 11 आणि शीप्सहेड इतके की मोजणं सोडून दिलं.

नव्यांसाठी थोडक्यात. पेपिन म्हणजे मिसिसिपीच. विस्कॉन्सिनकडून येणाऱ्या चिपेवा नदीने वाळू टाकून टाकून तिला आडवा बांध घातला आणि वरचं पाणी पसरून 22 मैल लांब, दोनेक मैल रुंद असा संथ तलाव झाला. अलीकडे मिनेसोटा, पलीकडे विस्कॉन्सिन. दोन्ही काठांनी रेल्वेचे रूळ आहेत आणि त्या रुळांच्या आतल्या पाण्यात माझा मिनेसोटाचा परवाना चालतो, त्यामुळे होडी सीमेच्या कुठल्या बाजूला गेली याची चिंता नाही. वॉलआय इथे बारा महिने गरवता येतो, हे दुसरं सुख.

मे महिना वरच्या तोंडाशी काढला, नदी जिथे तलावात शिरते तिथे. जिगला, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाला, मिनो हा छोटा मासा लावून तळाशी टेकवत राहायचं. पहिले तीन सॉगर मी हौसेने वॉलआय म्हणून मोजले होते. आता चुकत नाही: पाठीवरचा काटेरी पर उघडून उजेडात धरा, ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर सॉगर. ठिपके नसून पराच्या मागच्या टोकाशी काळा डाग असेल आणि शेपटीचं खालचं टोक पांढरं, तर वॉलआय.

वाऱ्याचं मात्र अजून शिकतोय. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यामुळे वायव्येचा किंवा आग्नेयेचा वारा सुटला की तलावाच्या पूर्ण लांबीवरून लाटा जोर धरत येतात. एका शनिवारी काठावरच्या लेक सिटी गावाहून निघालो तेव्हा पाणी तव्यासारखं सपाट होतं. तासाभरात माझ्या सोळा फुटी पत्र्याच्या होडीत घोटाभर पाणी! बादलीने उपसत परतलो, एक दांडी गेली ती गेलीच. 1890 च्या जुलैमध्ये याच तलावात 'सी विंग' नावाची आगबोट वादळात उलटून 98 माणसं बुडाली होती. आता निघण्याआधी हवामान बघतोच, आणि दुपारनंतर काठ सोडत नाही.

जूनमध्ये चौदा फुटांवर क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष, ओढत होतो. दांडी वाकली ती वाकलीच. झटके नाहीत, नुसता जड, हट्टी ओढा. मनात वॉलआय तळूनही झाला होता. जाळ्यात आला चंदेरी, कुबड्या पाठीचा शीप्सहेड, आणि होडीत पडल्या पडल्या चक्क घुरघुरायला लागला. शेजारच्या होडीतले काका म्हणाले, टाकून दे, कचरा आहे. मी ठेवला. घरी डोकं फोडलं तर आत दोन पांढरे खडे, हस्तिदंतासारखे गुळगुळीत, अंगठ्याच्या नखाएवढे. वेंगुर्ल्याला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले. ती म्हणाली, "अरे, हा आपला ढोमाच की!" नंतर शोधलं तर खरंच: ढोमा, घोळ आणि हा शीप्सहेड एकाच कुळातले. आमची आई मासळी बाजारात शिकली ते मला तिसऱ्या हंगामात कळलं.

तेव्हापासून मी शीप्सहेड कचरा म्हणून टाकत नाही. अट एकच, पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त काढायचं आणि थेट बर्फात. बाजूची लाल मांसाची पट्टी काढून टाका, नाहीतर वास येतो. मग आगळ, तिखट, रवा. पेपिनचे मासे किती वेळा खावेत यावर राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला असतो, तो जातीनुसार बघून घ्या. मी मोठे सोडतो, मध्यम ठेवतो.

जुलैचे पहिले दोन आठवडे वाया. मेफ्लाय, म्हणजे पाण्यातून बाहेर येणाऱ्या उडत्या किड्या, निघाल्या. रात्री पुलावरच्या दिव्यांखाली त्यांचे ढीग, सकाळी होडीवर, टोपीवर, चहात. मासे तट्ट पोट भरून बसलेले, आमिषाकडे कोण बघतो? पण शिव्याही देववत नाहीत. वरच्या अंगाच्या मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या सांडपाण्याने या किड्या इथून कित्येक वर्षं नाहीशा झाल्या होत्या, पाणी सुधारलं तसं 1980 च्या दशकात परतल्या. शेवटी क्रँकबेट ठेवून दिले, साधं गांडूळ लावलं आणि अगदी हळू, तळाला घासत नेलं. चारातले दोन वॉलआय त्यावर आले.

ऑगस्टमध्ये लाँग पॉइंटच्या उतारावर पहाटे पाचला सुरुवात करून बघणार आहे. खिडकीत खडे जमवतोय. प्रत्येक माशाचे दोन, तरी सध्या सात आहेत. आठवा मांजराने सोफ्याखाली नेला.