भीमकुंडाच्या काठावरचा भूगोल

आपल्या शाळेची पावसाळी सहल परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जात असे, आणि भूगोलाच्या सरांचा खरा वर्ग त्या सहलीतच भरत असे, असे मी आजही मानतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे, मेळघाटच्या सागवनांनी वेढलेले ते छोटेसे गाव आम्हा सपाटीवरच्या मुलांना अगदी निराळे वाटे. भर दुपारी रस्त्यावर धुके उतरलेले असे आणि अंगातले स्वेटर दमट होत.

भीमकुंडाशी पोचलो की आधी नुसता आवाज ऐकू येई. मग वाऱ्याने धुके सरकले की काळ्या कड्यावरून खोल दरीत कोसळणारी पांढरी धार क्षणभर दिसे. भीमाने कीचकाला मारून इथेच दरीत फेकले, ही कथा सर सांगत आणि लगेच वाटेवरचा एक दगड उचलून आमच्या हातात देत. त्यावरची बारीक भोके बोटांना जाणवत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे तसेच राहिले, पुढे मऊ थर झिजले, कठीण थर कड्यासारखे उभे राहिले आणि पाणी तिथून खाली पडू लागले, हे सगळे त्या एका दगडावरून ते समजावत.

जंगलातून चालताना मात्र सर मागे राहत आणि वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या कोरकू या मेळघाटातल्या आदिवासी जमातीतल्या वर्गमित्राला पुढे करत. एरवी वर्गात अबोल असणारा तो मुलगा मोह, तेंदू, धावडा, बिबा केवळ सालीवरून ओळखून दाखवी. शिकवण्याचा अधिकार असा विद्यार्थ्याच्या हाती देणारे शिक्षक मला पुढे फार थोडे भेटले. गाविलगड किल्ल्यावर १८०३ मधल्या लढाईची हकिकतही आम्ही ऐकली, परंतु मनात ठसले ते हेच.

पुढे पाटबंधाऱ्याच्या कामात धरणाच्या पायाचे खडक तपासताना ती बोटांची ओळख मला रोज उपयोगी पडली. म्हणून अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेला माझी एक विनंती आहे: ही सहल पुन्हा सुरू करावी आणि ती ऑगस्टमध्येच न्यावी, कारण उन्हाळ्यात भीमकुंडाची धार आटते, आणि मेळघाटातल्या मुलांना त्या दिवशी पुढे चालू द्यावे.